मांडी, पोटरी आणि साठ किलोचा गट

मुकुंदवाडीतल्या कुठल्याही जिममध्ये सोमवारी संध्याकाळी जा, बेंचसाठी नंबर लागलेले असतात. चिकलठाणा एमआयडीसीतली पहिली पाळी सुटलेली असते, सिडकोतली कॉलेजची पोरं आलेली असतात, आणि सगळ्यांना त्या दिवशी छातीच मारायची असते. स्क्वॉटच्या रॅकवर कुणाचा तरी टॉवेल वाळत असतो. पुढे आठवडाभर पाठ, खांदे, दंड असे वार लागतात. पायांचा वार शुक्रवार किंवा शनिवारवर ढकललेला असतो, आणि नेमकी तेव्हाच पाळी बदलते, गावाकडचं लग्न निघतं किंवा गुडघा दुखायला लागतो.

कारण उघड आहे. दंड बाहीतून दिसतो, छाती टी-शर्टातून दिसते, मांडी जीन्समध्ये झाकून जाते. त्यात पायांचा व्यायाम सगळ्यात जास्त दम काढतो. ज्याला नुसती तब्येत राखायची आहे त्याचं एवढ्यावर भागतं. पण एखाद्याच्या मनात जिल्हा पातळीवरच्या ‘श्री’च्या स्टेजवर उभं राहायचं आलं, की त्याचा सगळा हिशेब बदलतो, कारण तिथे अंगावर एक लंगोटीएवढी ट्रंक असते आणि डोक्यावर हॅलोजन.

आधी त्या स्टेजवर काय घडतं ते नीट पाहू. पुरुषांच्या बॉडीबिल्डिंगमध्ये सुरुवातीला चारही बाजूंना वळून नुसतं उभं राहायचं असतं. मग सात सक्तीच्या पोझ येतात: समोरून डबल बायसेप्स, समोरून लॅट स्प्रेड, साइड चेस्ट, पाठमोरं डबल बायसेप्स, पाठमोरं लॅट स्प्रेड, साइड ट्रायसेप्स आणि शेवटी अ‍ॅब्डॉमिनल अँड थाय. सातांपैकी एकाच नावात मांडी आहे, पोटरी तर कुठेच नाही. त्यामुळे नवखा स्पर्धक आरशासमोर कमरेच्या वरच्या भागाचीच तालीम करतो. नियमात मात्र पाठमोऱ्या दोन्ही पोझमध्ये एक पाय मागे घेऊन चवड्यावर टेकवायला सांगितलं आहे, म्हणजे पोटरीची गाठ वर यावी. आणि पहिल्या पोझमध्ये डावी दाखवली असेल तर दुसऱ्यात उजवी. बाजूच्या दोन्ही पोझमध्येही गुडघा वाकवून पोटरी आवळायची असते. म्हणजे सातांपैकी चार वेळा पोटरी परीक्षेला बसते. परीक्षकाने आधी त्या पोझचा मुख्य स्नायू पाहायचा आणि मग डोक्यापासून खाली पायापर्यंत नजर उतरवत न्यायची, अशी पद्धत आहे. नजर खाली उतरणारच, हे धरून चालायचं.

दुसरी गोष्ट गुणांची. इथे शंभरपैकी गुण मिळत नाहीत. परीक्षक क्रमांक देतो, टोकाचे क्रमांक वगळले जातात आणि ज्याची बेरीज सगळ्यात कमी तो जिंकतो. तुमचा दंड किती इंची आहे याला स्वतंत्र किंमत नाही. शेजारी उभ्या असलेल्या मुलापेक्षा तुम्ही पुरे दिसता की अपुरे, एवढंच पाहिलं जातं. वजनगटामुळे यात आणखी एक मेख आहे. समजा, पाच फूट चारचा एक मुलगा साठ किलोच्या गटात उतरतोय. त्याच्या पायांवर मांस नाही, म्हणून त्याच साठ किलोत त्याची छाती आणि खांदे इतरांपेक्षा मोठे बसतात. समोरून लॅट स्प्रेड मारला की टाळ्या त्यालाच पडतात. मग पाठ फिरवायला सांगतात, आणि मांडीच्या मागे जिथे फुगीर रेष हवी तिथे सरळ काठी दिसते. असे मुलगे पहिल्या सहात येतात, पहिल्या दोनांत येत नाहीत.

यावर हल्ली एक पळवाट निघाली आहे, तिचं नाव मेन्स फिजिक. आंतरराष्ट्रीय महासंघाने 2012 मध्ये हा गट मान्य केला. यात गुडघ्यापर्यंतची बोर्ड शॉर्ट्स घालून उतरायचं असतं, गट वजनाऐवजी उंचीवर पडतात आणि मांडी झाकलेली राहते. मला त्यात कमीपणा वाटत नाही, तो वेगळा खेळ आहे. पण पाय नाहीत म्हणून तिकडे जाणारे आणि खांदे-कंबर त्या घडणीचे आहेत म्हणून जाणारे, यांत फरक आहे. शिवाय पोटरी तिथेही उघडीच असते.

शरीर सगळीकडून सारखं भरलेलं असावं ही अट या खेळात पहिल्या दिवसापासून आहे. 14 सप्टेंबर 1901 ला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये युजेन सँडोने शरीरसौष्ठवाची पहिली मोठी स्पर्धा भरवली. परीक्षक तिघे: स्वतः सँडो, शिल्पकार चार्ल्स लॉज आणि शेरलॉक होम्सचा लेखक आर्थर कॉनन डॉईल. नुसता आकार पाहायचा नाही, सर्व अंगांची सारखी वाढ, कातडीची अवस्था आणि एकूण आरोग्यही पाहायचं, असं त्यांनी आधीच जाहीर केलं होतं. नॉटिंगहॅमचा विल्यम मरे जिंकला आणि सँडोचाच सोनेरी पुतळा घरी घेऊन गेला. मिस्टर ऑलिम्पियाचा चषक आजही त्याच पुतळ्याच्या घडणीचा असतो.

हा सँडो 1904-05 च्या सुमारास हिंदुस्थानातही येऊन गेला. त्याच्या आधीच त्याची साधनं आणि पुस्तकं इथे पोहोचली होती. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी तरुणपणी काही वर्षं त्याच पद्धतीने व्यायाम केला आणि पुढे ते सूर्यनमस्काराकडे वळले. आपल्याकडे पायांच्या मेहनतीची उणीव कधीच नव्हती. तालमीत जोर आणि बैठका यांचं नाव जोडीनेच घेतात. जोर वरच्या अंगासाठी, बैठक खालच्या अंगासाठी, आणि एक सोडून दुसरं करणाऱ्याला वस्ताद उभा करत नसे. बडोद्याच्या द. चिं. मुजुमदारांनी संपादित केलेल्या दहा खंडांच्या व्यायाम ज्ञानकोशात हे सगळं सविस्तर नोंदलेलं आहे. जोडी फुटली ती जिममध्ये. बेंच आला, त्याबरोबर ‘किती किलो मारतोस’ हा प्रश्न आला, आणि तो प्रश्न छातीलाच विचारला जाऊ लागला.

बैठकांवर माणूस कुठपर्यंत जाऊ शकतो याचं मोठं उदाहरण बंगालचे मनोहर आईच. उंची चार फूट अकरा इंच. ब्रिटिशांच्या हवाई दलात असताना बंड केल्याबद्दल तुरुंगात गेले आणि तिथे साधनांवाचून तासन् तास व्यायाम करत राहिले. 1952 मध्ये त्यांनी आपल्या गटात मिस्टर युनिव्हर्स जिंकलं. त्याच्या आदल्या वर्षी मनोतोष रॉय यांनी हाच मान मिळवला होता. आईच 2016 मध्ये गेले तेव्हा त्यांनी वयाची शंभरी ओलांडलेली होती. बुटक्या मुलांनी हे लक्षात ठेवावं. मांडीचं हाड आखूड असलं की तेवढ्याच मांसात मांडी भरलेली दिसते. उंच मुलाला त्याच दिसण्यासाठी एखादं वर्ष जास्त घालवावं लागतं.

वेरूळ इथून तासाभराच्या अंतरावर आहे, म्हणून एक आडवळण घेतो. तिथल्या लेण्यांत रुंद खांदे आणि बारीक कंबर जागोजाग आहे, पण मांडीचे स्नायू सुटे कोरलेले दिसणार नाहीत. आपल्या शिल्पकाराला श्वासाने भरलेलं, गुळगुळीत शरीर हवं होतं. कातडीखालचा प्रत्येक स्नायू वेगळा दिसावा हा हट्ट ग्रीकांचा, आणि स्पर्धेचे परीक्षक त्या ग्रीक घराण्यातले आहेत. मांडी जाड असून भागत नाही, ती वेगवेगळ्या भागांत फुटलेली दिसावी लागते.

पुढच्या मांडीत चार स्नायू असतात. मांडीच्या बाहेरच्या अंगाचा स्नायू समोरून पाहताना मांडीला रुंदी देतो. आतल्या अंगाचा गुडघ्याच्या वर थेंबासारखा उतरतो. मधला खोल दडलेला असतो, तो दिसत नाही पण बाकीच्यांना वर ढकलतो. चौथा वरून सरळ खाली येतो आणि कमरेचा व गुडघ्याचा असे दोन्ही सांधे ओलांडतो. हा चौथा फार चुकार आहे. स्क्वॉटमध्ये खाली बसताना तो गुडघ्याशी ताणला जातो आणि कमरेशी आखडतो, त्यामुळे त्याची लांबी जवळजवळ तेवढीच राहते आणि त्याच्यावर म्हणावं तसं काम पडत नाही. 2019 मध्ये जपानी संशोधकांनी तरुणांकडून दहा आठवडे स्क्वॉट करून घेतले, काहींकडून अर्धे, काहींकडून पूर्ण खाली बसून. पूर्ण बसणाऱ्यांचे पुठ्ठे आणि मांडीच्या आतल्या बाजूचे स्नायू जास्त वाढले. हा चौथा स्नायू आणि मांडीचा मागचा भाग मात्र दोन्ही गटांत वाढला नाही.

‘मी स्क्वॉट मारतो, माझे पाय झाले’ हे म्हणणं या एका प्रयोगाने निकालात निघतं. स्क्वॉट पाया आहे, पण पुढच्या चौथ्या स्नायूसाठी लेग एक्स्टेन्शन लागतं, तेही पाठ थोडी मागे रेलून. मशीन नसेल तर खांबाला धरून, गुडघे पुढे आणि अंग मागे झुकवून बसण्याचा सिसी स्क्वॉट त्याचं काम करतो.

आता स्क्वॉट. बार मानेच्या मणक्यावर ठेवू नये. खांदे मागे आवळले की मानेखाली मांसाची जी गादी तयार होते तिच्यावर ठेवावा. दोन पावलं मागे, तिसरं नको. पाय खांद्याएवढे किंवा किंचित रुंद, बोटं थोडी बाहेर. श्वास छातीत न घेता पोटात भरायचा, पट्ट्याला चारी बाजूंनी दाब लागेल असा, आणि तो धरून खाली जायचं. गुडघे बोटांच्या दिशेनेच जायला हवेत, आत पडायला नकोत. ते बोटांच्या पुढे गेले तर बिघडत नाही; बैठक मारणाऱ्या पैलवानाचे गुडघे पिढ्यान् पिढ्या पुढे जात आले आहेत. मांडी निदान जमिनीला समांतर होऊ द्यावी. उठताना कंबर आधी वर आली आणि छाती मागे राहिली, तर वजन जास्त झालं आहे, दहा किलो उतरवा. टाच उचलत असेल तर दोन्ही टाचांखाली अडीच-अडीच किलोच्या प्लेटा सरकवाव्यात. मऊ तळाचे पळण्याचे बूट घालून स्क्वॉट मारू नये, त्यात पाय डगमगतो.

आपल्याकडच्या मुलांना एक आयती देणगी असते. ज्याला लहानपणापासून उकिडवं बसायची सवय आहे त्याचा घोटा आणि कंबर सैल असते. जगभरचे लोक वर्ग लावून जे शिकतात ते त्याला येत असतं. ती सवय मोडू देऊ नये.

मागच्या मांडीसाठी दोन वेगळ्या हालचाली लागतात. पहिली रोमानियन डेडलिफ्ट: गुडघे किंचित वाकलेले ठेवून कंबर मागे ढकलत बार मांडीला घासून खाली न्यायचा, मागे ताण बसला की परत. दुसरी लेग कर्ल. इथे बसून करायचं मशीन पालथं पडून करायच्या मशीनपेक्षा सरस आहे. 2021 च्या एका प्रयोगात तीच माणसं एका पायाने बसून आणि दुसऱ्या पायाने पालथं पडून बारा आठवडे कर्ल करत होती. बसून केलेल्या पायाचे मागचे स्नायू सरासरी 14 टक्के वाढले, पालथं केलेल्याचे 9 टक्के. बसल्यावर हा स्नायू कमरेकडून ताणलेला असतो, आणि ताणलेल्या अवस्थेत काम केलं की स्नायू जास्त वाढतो. बसायचं मशीन जिममध्ये नसेल तर पालथ्या मशीनवरच करावं, पण रोमानियन डेडलिफ्ट सोडू नये.

राहिली पोटरी, मराठवाड्यात पिंढरी. तिच्याबद्दल सगळ्यात जास्त रडगाणं ऐकू येतं. ‘जेनेटिक आहे’ हे अर्धं खरं आहे. पोटरीचा मांसल भाग घोट्याकडे किती खाली उतरतो हे जन्मतः ठरतं, ते बदलत नाही. जाडी बदलते. इथे पोरं दोन चुका करतात. पहिली, बसून काफ रेझ करून थांबतात. गुडघा वाकवला की वरचा दोन तोंडांचा स्नायू ढिला पडतो आणि सगळा भार खालच्या सपाट स्नायूवर जातो. 2023 च्या बारा आठवड्यांच्या प्रयोगात उभ्याने केलेल्या पायाचा वरचा स्नायू ठळकपणे वाढला आणि बसून केलेल्या पायाचा जवळपास नाहीच. खालचा स्नायू दोन्हीकडे सारखाच वाढला. म्हणजे वेळ कमी असेल तर उभ्यानेच करावं. दुसरी चूक उसळ्या मारण्याची. टाच पायरीखाली पूर्ण उतरवून तिथे दोन सेकंद थांबायचं आणि मग वर. असं केलं की वजन निम्म्यावर आणावं लागतं, म्हणून कुणी करत नाही.

एमआयडीसीत आठ तास मशीनपुढे उभं राहणारा मुलगा विचारतो, दिवसभर पायांवरच असतो, मग पिंढरी का वाढत नाही? उभं राहायला पोटरीला तिच्या ताकदीचा फार थोडा हिस्सा लागतो. तेवढ्यावर दमसास वाढतो, जाडी वाढत नाही. स्नायू वाढायला त्याला थकव्याच्या काठापर्यंत न्यावं लागतं, आणखी एक-दोन रेप कशाबशा निघतील इथपर्यंत. वजन जड असो वा मध्यम, काठ गाठला तर वाढ साधारण सारखी होते हे आता बऱ्याच प्रयोगांतून दिसलं आहे. बैठकांचंही तेच. नवख्याला पन्नास बैठका काठापर्यंत नेतात, त्याची मांडी वाढते. तोच मुलगा सहज दोनशे मारायला लागला की पुढच्या दोनशेंनी दम वाढेल, मांडी नाही.

अर्नोल्ड श्वार्झनेगरची पोटरी सुरुवातीला त्याचं सगळ्यात दुबळं अंग होतं. त्याने व्यायामाच्या पँटचे पाय गुडघ्याखाली कापून टाकले, म्हणजे जिममधल्या प्रत्येकाला ती दिसावी आणि आपल्याला लाज वाटत राहावी. मुकुंदवाडीत एवढं करायची गरज नाही, पण पायांच्या दिवशी ट्रॅक पँटऐवजी हाफ चड्डी घालावी.

किती करायचं? एका स्नायूला आठवड्याला दहाच्या आसपास कष्टाचे सेट मिळाले तर त्याहून कमी सेटपेक्षा वाढ चांगली होते. नवख्याने सहा-आठवर सुरुवात करावी. जड सेटनंतर तीन मिनिटं थांबावं. मिनिटभरात पुन्हा बारखाली घुसण्याने घाम जास्त येतो, मांस नाही. आणि पायांना वार नेमून देऊ नये. फिरत्या पाळीत वार टिकत नाही. दर तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी पाय, मग तो कुठलाही वार असो, आणि त्या दिवशी जिममध्ये गेल्यावर पहिलं काम स्क्वॉट. रात्रपाळीच्या आठवड्यात सेट निम्मे करावेत, वजन तेवढंच ठेवावं. एका वहीत तारीख, वजन, रेप लिहावेत. सहा आठवडे वहीतला आकडा हलला नसेल तर पाय वाढतोय ही समजूत आहे.

‘पाय मारले की टेस्टोस्टेरॉन वाढतं आणि दंडही आपोआप वाढतात’ असं प्रत्येक जिममध्ये कुणीतरी सांगतं. व्यायामानंतर संप्रेरकं थोडा वेळ चढतात हे खरं, पण त्या चढण्याने दंडाच्या वाढीत फरक पडत नाही हे कॅनडातल्या प्रयोगांनी दाखवलं. पाय पायांसाठीच मारायचे.

खाण्याचा हिशेब डब्यांच्या जाहिरातींनी उगाच गुंतागुंतीचा केला आहे. 49 प्रयोगांची एकत्र छाननी करून 2018 मध्ये निघालेला आकडा असा: शरीराच्या दर किलोमागे दिवसाला साधारण 1.6 ग्रॅम प्रथिनं, त्यापुढे फारसा फायदा नाही. साठ किलोच्या मुलाला शंभरेक ग्रॅम. चार अंडी म्हणजे पंचवीस. पन्नास ग्रॅम कोरडे सोया चंक्स म्हणजे सव्वीस. अर्धा लिटर दूध सोळा. मूठभर मटकी किंवा तूरडाळ बारा. तीन ज्वारीच्या भाकरी वीसच्या आसपास, वर शेंगदाण्याच्या चटणीचे पाच-सात. झालं, पुरून उरलं, आणि यात चिकन धरलेलंही नाही. पावडर सोयीची असते, दुसऱ्या पाळीला डब्यात अंडी नेता येत नसतील तर ती घ्यावी. पण घरात पिठलं-भाकरी नीट मिळत नसताना पगारातला मोठा घास डब्यावर घालवणं मला वेडेपणा वाटतो. अन्नाबाहेरच्या गोष्टींत क्रिएटिनची उपयुक्तता खरोखर सिद्ध झालेली आहे, दिवसाला तीन ते पाच ग्रॅम, तेही स्वस्तातलं साधं मोनोहायड्रेट.

स्पर्धा ठरली की कटिंग सुरू होतं. शिवजयंती, गणपती, एखाद्या पुढाऱ्याचा वाढदिवस असं निमित्त धरून स्पर्धा जाहीर होतात आणि बहुतेक मुलं सहा आठवडे आधी जागी होतात. अडुसष्ट किलोवरून साठवर यायचं तर आठ किलो उतरवायचे. आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का, म्हणजे अर्ध्या किलोच्या आसपास, एवढीच गती धरली तर मांस टिकतं. सरळ सोळा आठवडे झाले. सहा आठवड्यांत तेच करणारा चरबीबरोबर मांडी देऊन येतो. त्यात एक जुना गैरसमज भर घालतो: स्पर्धा जवळ आली की स्क्वॉट बंद, हलक्या वजनावर पंचवीस-पंचवीस रेप, ‘कट्स काढायला’. कट्स चरबी गेल्याने दिसतात. ज्या वजनाने मांडी कमावली ते वजन काढून घेतलं की शरीराला ती मांडी पोसण्याचं कारण उरत नाही. सेट कमी करावेत, बारवरच्या प्लेटा शक्यतो तशाच ठेवाव्यात.

शेवटच्या आठवड्यात पाणी तोडण्याचं खूळ येतं. जायकवाडीवरून येणाऱ्या पाण्याची कित्येक दिवस वाट पाहणाऱ्या शहरात हे सांगायला विचित्र वाटतं, पण पाणी प्यायचं थांबवू नका. स्नायूचा तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो, आणि त्यात साठलेली साखर आपल्या तिप्पट पाणी धरून ठेवते. पाणी तोडलं की आधी स्नायू सपाट पडतो. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेतल्या तर पोटॅशियम ढळतं आणि हृदयाचा ठोका चुकतो. 1992 मध्ये मोहम्मद बेनाझिझा नेदरलँड्समधली स्पर्धा जिंकून त्याच रात्री मरण पावला. तो व्यावसायिक होता, पुढे पैसे होते. जिल्ह्याच्या करंडकासाठी हा धोका घेणाऱ्याला काय म्हणावं!

इंजेक्शनांचंही तसंच. शस्त्रक्रियेत भूल दिल्यावर रक्तदाब घसरू नये म्हणून डॉक्टर वापरतात ते मेफेंटरमिन ‘ताकदीचं’ म्हणून विकणाऱ्यांना महाराष्ट्रात अनेक ठिकाणी पोलिसांनी पकडलं आहे. ते मांस वाढवत नाही. ते थकव्याची जाणीव मारतं, रक्तदाब चढवतं आणि सवय लावतं. स्टेरॉइडचे ‘कोर्स’ मांस वाढवतात, यात खोटं काही नाही. सोबत आपली स्वतःची संप्रेरकं बंद पाडतात, रक्तातली चरबी बिघडवतात आणि हृदयाची भिंत जाड करतात. राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या दोषींच्या याद्यांत शरीरसौष्ठवाचं नाव वर्षानुवर्षं ठळक आहे. कोर्सवर असलेल्या मुलाशी तुलना करून आपले पाय छोटे ठरवू नयेत.

पोझिंगची तालीम बारा आठवडे आधी सुरू व्हावी, रोज पंधरा मिनिटं, आरशासमोर पाच आणि आरशाशिवाय दहा. आवळण्याची सुरुवात खालून करायची: आधी पायाची बोटं जमीन पकडतात, मग पोटरी, मग मांडी, मग पोट, आणि हात सगळ्यात शेवटी वर जातात. नवखा उलटं करतो. हात आधी वर जातात, चेहरा आवळला जातो आणि मांडी सैल लोंबत राहते. ती मांडी कमवायला दोन वर्षं गेली असली तरी परीक्षकाला सैल मांडीच दिसते. अ‍ॅब्डॉमिनल अँड थायमध्ये हात डोक्यामागे, एक पाय पुढे, श्वास पूर्ण सोडून पोट आवळायचं आणि पुढच्या पायाची टाच जमिनीत दाबत मांडी किंचित बाहेर फिरवायची. मग बाहेरची कड उठते. ही पोझ वीस सेकंद धरून पाय थरथरला तर स्पर्धेला अजून वेळ आहे. तुलना लांबली की एक-एक पोझ तेवढी धरावी लागते, आणि मधल्या काळात नुसतं उभं असतानाही कुणीतरी पाहत असतं.

रंग लावताना पोरं छाती-पाठीवर दोन-दोन हात मारतात आणि गुडघ्यामागे, घोट्याशी कोरडं ठेवतात. दिव्याखाली घोट्यापासून खालचं अंग पांढरं पडतं आणि पोटरी आहे त्याहून बारीक दिसते. मित्राकडून लावून घ्यावा, आणि सुरुवात पायापासून करायला सांगावी.

स्पर्धा झाली, क्रमांक काही का लागेना, त्याच रात्री मित्राच्या मोबाइलमधले पाठमोऱ्या पोझचे फोटो मागून घ्यावेत. समोरचे सगळेच पाठवतात, मागचे मागावे लागतात. ते आपल्या गटातल्या विजेत्याच्या फोटोशेजारी ठेवून पाहावेत, कमरेच्या खाली. परीक्षक स्टेजमागे भेटले आणि मोकळे असतील तर एकच प्रश्न विचारावा: माझं कुठलं अंग कमी पडलं? बहुतेक वेळा उत्तर एका शब्दाचं असतं. मग दोन आठवडे पोटभर जेवून, झोपून, वजन तीन-चार किलो सावकाश वर येऊ द्यावं आणि वहीचं नवं पान उघडावं. पहिल्या ओळीत स्क्वॉटचं वजन लिहायचं, आधीपेक्षा वीस किलो कमी, आणि खाली उभ्याने काफ रेझ, चार सेट.